ठोका आल्याशिवाय खटका उचलायचा नाही

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मैत्रिणीच्या शेजारणीची नाही. माझ्या सख्ख्या मामासोबत घडली आणि तिचा शेवटचा भाग मी स्वतः या दोन डोळ्यांनी पाहिला.

माझा मामा थापाड्या नाही. पत्त्यांत लबाडी करतो, वजन विचारलं तर पाच किलो कमी सांगतो, बास. भूतबीत म्हटलं की हसायचा. "जिवंत वायरीला घाबर गं, मेलेल्या माणसाला काय घाबरतेस?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आता म्हणत नाही.

आणि रात्री-बेरात्रीची गोष्ट नाही बरं का ही. चार महिन्यांपूर्वीचा बुधवार. सकाळचे अकरा वाजलेले. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर माणसं, समोरच्या गॅरेजमध्ये कुणीतरी टायर बडवत होतं. अशा वेळी घडलंय हे.

मामा वायरमन आहे. तीस वर्षं तेच काम. पूर्वी त्याचा एक जोडीदार होता. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे त्याला पक्कड म्हणायचे. कारण पक्कड कायम त्याच्या पँटच्या उजव्या खिशात. लग्नाच्या फोटोतसुद्धा खिसा फुगलेला दिसतो.

दोघांची काम करायची एक पद्धत होती. एक जण खाली बोर्डापाशी, दुसरा वर, जिथे काम असेल तिथे. वरच्याचे हात वायरीत, खालच्याच्या हातात खटका. मध्ये दोन-दोन मजले. ओरडलेलं ऐकू जात नाही, आणि दोन्ही हात वायरीत असताना फोन कोण उचलणार? म्हणून पाण्याच्या लोखंडी पाइपवर ठोकायचं. पाइपातून आवाज बरोबर खाली पोचतो.

एक ठोका म्हणजे करंट दे.

दोन ठोके म्हणजे करंट काढ, हात लांब कर.

ठोकाच आला नाही, तर काही करायचं नाही. थांबायचं. तास लागला तरी थांबायचं.

अकरा वर्षांपूर्वी एका बेकरीच्या माळ्यावर पंखा बसवताना पक्कड गेला. करंट लागून, जागच्या जागी. खाली बोर्डापाशी मामा होता. मामाने सगळ्यांना सांगितलं, "ठोका आला म्हणून मी खटका उचलला. त्याने हात काढायच्या आधीच ठोका दिला." बेकरीवाल्याने मान डोलावली. चौकशीवाल्याने लिहून घेतलं. मयताची स्वतःची चूक. विषय संपला.

त्यानंतर मामाने कधी जोडीदार घेतला नाही. पक्कडच्या घरी सुरुवातीला दोनदा गेला, मग तो रस्ताच सोडला. आम्हाला वाटायचं, दुःख आहे बिचाऱ्याला.

चार महिन्यांपूर्वी पक्कडच्या बायकोचा फोन आला. मामा तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही इथे वहिनीच म्हणते.

"भाऊजी, ओळखलंत का?"

मामाने लगेच ओळखलं.

वहिनी दोन लॉजच्या चादरी धुऊन, इस्त्री करून देतात. मुलीचं लग्न झालंय, ती लांब असते. एकटं घर. धुण्याचं मशीन चाललं तर पोट चालतं. आणि तीन आठवडे झाले, मशीन लावलं की खटका पडत होता.

"तीन वायरमन येऊन गेले," वहिनी म्हणाल्या. "एक म्हणाला मशीन टाकून द्या, दुसरा म्हणाला वायरिंग बदला, तिसरा म्हणाला घरच बदला. आता तुम्हीच या."

मामा टाळणार होता. पण माझ्या आईने त्याला धारेवर धरलं. "अकरा वर्षांत त्या बाईने तुला एक काम सांगितलंय. लाज वाटू दे जरा."

मामा गेला.

घर लहानसं. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर धुण्याची खोली. जिन्याखाली लाइटचा बोर्ड. बोर्डाच्या शेजारूनच पाण्याचा लोखंडी पाइप भिंतीला धरून वर गेलेला.

मामाने पाइपकडे पाहिलं आणि नजर वळवली.

भिंतींवर मुलीचे फोटो होते, जावयाचे होते, नातवाचे होते. पक्कडचा नव्हता. वहिनींनी मामाची नजर हेरली.

"त्याचा फोटो मीच काढून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "राग जात नाही हो माझा. हात आत ठेवून स्वतःच ठोका द्यायचा? इतका वेंधळेपणा? पोर तेरा वर्षांची होती. तिला काय सांगू, तुझ्या बापाला जरा धीर नव्हता म्हणून?"

मामा बॅग उचलून वर गेला.

आता खटका का पडतो, ते तुम्हाला थोडक्यात सांगते. मामानेच मला शिकवलंय. कुठे करंट गळत असेल किंवा गरजेपेक्षा जास्त जात असेल, तर खटका आपोआप खाली पडतो आणि लाइन बंद होते. म्हणजे कुठेतरी दोष असतो. तो शोधायचा, काढायचा, खटका परत उचलायचा. यात भुताटकी काही नाही.

मामाने मशीनचं मागचं झाकण उघडलं. बॉडीला लावलेली अर्थिंगची वायर सोडवली, तिचा स्क्रू शर्टाच्या खिशात टाकला. मोटर तपासली. चांगली. पाणी तापवायचा हीटर तपासला. चांगला. गळती मोजायचं मीटर लावलं. गळती नाही.

खाली येऊन खटका उचलला.

खट्. पडला.

मशीनमध्येच दोष आहे की लाइनमध्ये, ते बघायला मामाने मशीन काढून त्याच जागी इस्त्री लावली. वहिनींना इस्त्रीपाशी उभं केलं आणि खाली येऊन खटका उचलला. राहिला! इस्त्री तापली. म्हणजे लाइन चांगली. मग परत मशीन लावलं. खट्. पडला.

मोटर सुटी केली. पडला. हीटर सुटा केला. पडला. बॅगेतून कोरा खटका काढून बसवला. तोही पडला.

शेवटी मामाने मशीनच्या सगळ्या वायरी सोडवल्या. नुसता प्लग लावलेला. पुढे काहीच जोडलेलं नाही. एखाद्या भिंतीला प्लग लावावा तसं. खाली आला. खटका उचलला.

तोही पडला.

मामाच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जिथे करंट जायलाच जागा नाही, तिथे खटका पडेल कशाला?

त्याने मोटर आणि हीटरच्या वायरी परत जोडल्या आणि वहिनींना विचारलं, "कधीच चालत नाही का?"

"चालतं की कधी कधी. मागच्या आठवड्यात लेक आली होती, तेव्हा दोन दिवस छान चाललं. ती वर असायची, मी खाली खटका उचलायचे. ती गेली आणि परत सुरू झालं हे."

"वर काय करायची ती?"

"काय करणार? पाण्याची बादली भरून ठेवायची. धाडकन आपटायची मेली, दहादा सांगितलं हळू ठेव म्हणून."

मामा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता. तिथेच थांबला.

बादली आपटायची... एकदा.

आणि मघाशी इस्त्री? वहिनींनी इस्त्री उचलली होती आणि परत फरशीवर ठेवली होती. खाली त्याला आवाज आला होता. ठक... एकदा. त्यानंतरच त्याने खटका उचलला होता.

मामा मला म्हणाला, "त्या क्षणी मला कळलं गं, लाइन कशाची वाट बघतेय ते."

पण माणूस हट्टी. खात्री केल्याशिवाय राहणार थोडाच. वहिनींना म्हणाला, "तुम्ही वर जा. मशीनला हात लावू नका. मी सांगितलं की हा पाना घ्या आणि पाइपवर एकदा ठोका."

वहिनी वर गेल्या. मामाने आधी काही न सांगता खटका उचलला.

पडला.

"आता ठोका!"

ठक.

खटका उचलला. राहिला... वर मशीन घरघरायला लागलं.

खटका पाडला. ठोक्याशिवाय उचलला. पडला.

"ठोका!"

ठक. राहिला.

तीन वेळा केलं. तीनही वेळा तसंच. चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

वहिनी खाली आल्या. त्या काही भोळ्याभाबड्या नव्हत्या. वायरमनची बायको, नवऱ्याने घरात बसून सगळे नियम शिकवले होते. हातात पाना तसाच. चेहरा उतरलेला.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "हा तुमचाच नियम ना? तुमचा आणि त्याचा?"

मामाने मान डोलावली.

"त्या दिवशी त्याने ठोका दिला होता ना?"

आता इथे मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामाने हे अकरा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. आजीला नाही, मामीला नाही, माझ्या आईला नाही.

त्या दिवशी ठोका आलाच नव्हता.

दुपारचे दोन वाजले होते. मामाच्या पोटात कावळे ओरडत होते. वर काम झालंच असणार, असं त्याला वाटलं. अर्धा मिनिट थांबला आणि खटका उचलला. एवढंच. भूक लागली होती म्हणून.

आणि आता त्याच माणसाची बायको समोर उभी होती, विचारत होती. सांगायची हीच वेळ होती. मामालाही ते कळत होतं. मला म्हणाला, शब्द अगदी ओठांवर आले होते.

पण तो म्हणाला, "हो वहिनी... दिला होता."

खट्!

मशीनचा खटका पडला. त्याच्या शेजारचा पडला. मग पंख्याचा. मग स्वयंपाकघराचा. एकामागून एक, सहाच्या सहा. कुणीही हात लावलेला नव्हता. छताचा पंखा हळूहळू थांबला. फ्रिजची घरघर थांबली. घरात इतकी शांतता झाली की बाहेर गॅरेजवाला टायर बडवतोय ते ऐकू यायला लागलं.

आणि मग वरून...

ठक. ठक.

वर कुणी नव्हतं. वहिनी समोर होत्या. पाना त्यांच्या हातात होता.

"पाण्याची लाइन आहे," मामा घाईने म्हणाला. "हवा भरली की वाजतो पाइप." त्याचं त्यालाच ते खोटं ऐकवत नव्हतं. त्याला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. लवकर. आणि या घाईत त्याने ते केलं, जे करणाऱ्याला तो आयुष्यभर शिव्या घालत आला होता.

त्याने लाइन डायरेक्ट करून दिली.

म्हणजे खटका मधून काढूनच टाकला. वायरीला वायर जोडली. पडायला खटकाच नाही, तर पडणार काय? मामाच मला सांगायचा, "डायरेक्ट देणं म्हणजे रोग्याचं दुखणं बरं न करता त्याचं तोंड दाबणं." आणि त्या दिवशी त्याने स्वतः तोंड दाबलं. मेन बंद करून वायरी जोडल्या, वर पळाला, मशीनचं मागचं झाकण कसंबसं बसवून स्क्रू आवळले, खाली आला, मेन चालू केला.

मशीन सुरू झालं. मस्त चाललं.

"झालं वहिनी. आता नाही पडणार."

"अहो, पाणी तरी घ्या..."

मामा चपला अर्ध्या पायात घालून रस्त्यावर. कोपऱ्यापर्यंत गेला, एका झाडाखाली उभा राहिला. घाम पुसायला रुमाल काढायचा म्हणून शर्टाच्या खिशात हात घातला.

बोटांना काहीतरी टोचलं.

स्क्रू.

अर्थिंगचा स्क्रू.

मशीनच्या बॉडीची अर्थिंग त्याने परत जोडलीच नव्हती. आणि झाकण घाईत बसवताना आत काहीतरी दाबलं गेल्यासारखं वाटलं होतं, ते आता आठवलं. वायर. झाकणाच्या पत्र्याखाली वायर दाबली गेली असेल तर अख्खं मशीन जिवंत. अर्थिंग नाही. खटका नाही. वहिनी अनवाणी, ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी चादरी टाकणार.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. वहिनींचा फोन खाली स्वयंपाकघरात, आणि त्या वर.

मामा धावला. साठीला आलेला माणूस, दोन जिने चढला तरी धापा टाकणारा. तो म्हणतो, रस्ता संपतच नव्हता. एकच गोष्ट डोक्यात. आज परत तेच केलं. परत कुणाला न विचारता करंट दिला. तो गेला, आता ही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरला. वर मशीनची घरघर चालू होती. त्याने मेन खाली ओढला. घरघर थांबली.

"वहिनी!"

उत्तर नाही.

मामा जिना चढायला लागला. एकेक पायरी. डोळे मिटून घ्यावेत असं वाटत होतं, बेकरीच्या माळ्यावर चढताना वाटलं होतं तसंच...

वहिनी धुण्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या. पाठ भिंतीला. ओल्या चादरी मांडीवर. जिवंत होत्या.



"मी हात लावणारच होते," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "हात असा पुढे केला... आणि पाइपवर ठोके पडायला लागले. दोन. मग परत दोन. मग परत दोन. थांबतच नव्हते भाऊजी. पाइप हलत होता. त्याने मला शिकवलं होतं, दोन ठोके आले की विचार करायचा नाही, हात मागे घ्यायचा. मी मागे सरकत सरकत इथे आले, तेव्हा बंद झाले."

मामाने खाली जाऊन मेन परत चालू केला, वर येऊन मशीनच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा भक्कन लागला. मशीनवर पुरता करंट होता.

मग मात्र त्याच्याच्याने राहवलं नाही. मेन बंद करून तो वहिनींसमोर येऊन बसला आणि सगळं सांगितलं. बेकरी, दोन वाजलेले, भूक, अर्धा मिनिट.

"ठोका आला नव्हता वहिनी. त्याची चूक नव्हती. मी मारलं त्याला."

वहिनी रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा म्हणतो. त्या उठल्या, खाली गेल्या. कपाटाच्या तळातून एक फोटो काढला. लग्नाचा. पदराने काच पुसली. बराच वेळ पुसत होत्या.

"अकरा वर्षं मी याच्याशी बोलले नाही," त्या म्हणाल्या.

मामाने मान खाली घातली.

"मशीन नीट करा भाऊजी," त्या म्हणाल्या. "सगळं नियमाप्रमाणे करा. आणि आता ठोका आल्यावरच खटका उचला."

मामाने सगळं केलं. दाबलेली वायर बदलली, अर्थिंग जोडली, डायरेक्ट काढून नवा खटका बसवला. मग बोर्डापाशी उभा राहिला. "तुम्ही वर जाऊन ठोका द्या वहिनी, चालू होईल."

"मी नाही देणार."

"मग...?"

"ज्याच्या ठोक्यासाठी तुम्ही थांबला नाहीत, त्याचाच येऊ दे."

मामा थांबला. तास झाला. दोन तास झाले. दिवेलागण झाली. वरून काहीही आलं नाही.

"पुढच्या बुधवारी या," वहिनी म्हणाल्या.

तेव्हापासून दर बुधवारी अकरा वाजता मामा तिथे जातो. जिन्याखाली उभा राहतो. अंगठा खटक्याखाली ठेवून. तीन-चार तास. मशीन बंदच आहे. वहिनी चादरी हाताने धुतात आणि अधूनमधून येऊन बघून जातात.

आता मी पाहिलेलं सांगते.

मागच्या बुधवारी मी हट्टाने मामासोबत गेले. खरं सांगते, मला वाटलं होतं मामाचं डोकं फिरलंय. म्हटलं बघू तरी काय करतो ते. घर अगदी साधं. भिंतीवर तो फोटो आता लावलेला होता. तरुण माणूस, हसरा, उजवा खिसा फुगलेला. मला उगीचच हसू आलं.

बारा वाजले. एक वाजला. मी पायरीवर बसून मोबाइल बघत होते. वहिनी फोटोखाली खुर्चीवर बसून मटार सोलत होत्या. मामा बोर्डापाशी. खटक्याच्या खालची वायर त्याला जरा सैल वाटली, म्हणून त्याने बोर्डाचं झाकण काढलं आणि डाव्या हाताने वायर धरून ती ओढून बघायला लागला. खटका बंदच होता, तेव्हा घाबरायचं कारण नव्हतं. वायरीचं उघडं टोक त्याच्या बोटांत होतं. उजवा अंगठा सवयीने खटक्याखाली.

आणि वरून...

ठक.

एकच. स्पष्ट. लोखंडावर लोखंड.

माझ्या हातातला मोबाइल पडला. वहिनींचे हात थांबले.

मामाचा चेहरा... तो मी कधी विसरणार नाही. आनंद झाला होता त्याला. डोळ्यांत पाणी आलं होतं. चार महिने ज्याची वाट पाहत होता ते आलं होतं. त्याचा अंगठा वर जायला लागला.

"मामा, हात!" मी किंचाळले. "डावा हात!"

अंगठा थांबला. मामाने खाली पाहिलं. त्याचा डावा हात अजून आत होता. उघडी तार बोटांत होती.

हात आत असताना ठोका.

मामाने अकरा वर्षं सगळ्यांना जे सांगितलं होतं, अगदी तसंच.

मी कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता दोन ठोके येतील. वहिनींसाठी आले होते ना? न थांबता आले होते. काढ, हात लांब कर, म्हणून.

मामासाठी आले नाहीत.

मी मामाला ओढत बाहेर आणलं. दारातून मागे वळून पाहिलं. वहिनींनी मामाला काही लागलं का विचारलं नाही. त्या मान वर करून फोटोकडे बघत होत्या.

रस्त्यात मी मामाला म्हटलं, "तू परत इथे यायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला."

मामा म्हणाला, "ठोका आला होता गं. ठोका आला की खटका उचलायचा असतो. मी परत नियम मोडला."

"अरे पण तुझा हात आत होता!"

"त्याचाही होता," मामा म्हणाला.

आठवडाभर आम्ही सगळे त्याला समजावतोय. आई रडून झाली, मामी भांडून झाली. तो ऐकून घेतो, मान डोलावतो, जेवतो, झोपतो. आज संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले होते. तो शांतपणे बॅग भरत होता. टेस्टर, पाना, चिकटपट्टी. रबरी हातमोजे त्याने बाहेर काढून टेबलावर ठेवले होते. मी ते बॅगेत घातले. त्याने परत बाहेर काढले.

उद्या बुधवार आहे.